बर्फाच्या डब्यापासून रीफरपर्यंत: नाशवंत मालाची रेल्वे आणि रत्नागिरी

नाशवंत खाद्यमाल थंड ठेवून रेल्वेने नेण्याचा ज्ञात इतिहास १८५१ सालापासून सुरू होतो. त्या वर्षी अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील ओग्डेन्सबर्गहून बोस्टनला लोणी रवाना झाले. डब्याच्या भिंतींत लाकडाचा भुसा ठासलेला होता आणि आत बर्फ भरलेला होता. त्या वेळी भारतात रेल्वे नव्हती. बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी धावली १६ एप्रिल १८५३ रोजी. रत्नागिरीला तर रेल्वेची वाट विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकापर्यंत पाहावी लागली. कोकण रेल्वेचा मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजी पूर्ण झाला, तेव्हा अमेरिकेतले बर्फाचे डबे मोडीत निघून पंचवीस वर्षे होत आली होती. हापूस आणि मासळी हे दोन अतिशय नाजूक जिन्नस पुरवणाऱ्या जिल्ह्याला रेल्वे मिळाली ती अशी उशिरा. शीतवाहतुकीचा रत्नागिरीतला प्रवास वेगळा झाला त्याची बरीचशी कारणे या उशिरात आहेत. उरलेली मालाच्या स्वभावात आहेत.

झाडावरून काढलेले फळ मेलेले नसते. ते श्वसन करत राहते, हवेतला प्राणवायू घेते, साठवलेली साखर खर्च करते आणि उष्णता बाहेर टाकते. उष्णता वाढली की श्वसनाचा वेग वाढतो आणि त्यातून आणखी उष्णता निर्माण होते. बंद डब्यात दाटीने रचलेल्या पेट्यांत हे चक्र फार झपाट्याने फिरते. तापमान साधारण १० अंशांनी उतरले की श्वसनाचा वेग निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येतो, म्हणजे फळाचे आयुष्य त्या प्रमाणात लांबते. मासळीचे तसे नाही. तिथे जिवाणू आणि माशाच्या शरीरातलेच पाचकरस मांस नासवतात. त्यामुळे मासळी शून्य अंशाच्या जवळ ठेवावी लागते किंवा सरळ गोठवावी लागते. एकाच डब्यात आंबा आणि बांगडा नेता येत नाहीत याचे वास हे एक कारण आहे, पण त्याहून मोठे कारण या दोघांना लागणाऱ्या तापमानांतल्या फरकाचे आहे.

थंडावा पुरवण्याचे सर्वांत जुने साधन बर्फ. एक किलो बर्फ वितळताना भोवतालची ८० किलोकॅलरी उष्णता शोषून घेतो, आणि हे काम यंत्राशिवाय, इंधनाशिवाय होते. शीतयंत्राची क्षमता आजही ‘टना’त मोजतात, ती याच बर्फावरून: एक अमेरिकी टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता घेईल ती एक टन क्षमता, म्हणजे सुमारे साडेतीन किलोवॉट. बर्फात मीठ मिसळले तर मिश्रण शून्याच्या खाली, थेट उणे २१ अंशांपर्यंत जाऊ शकते. मांस नेताना ही युक्ती वापरली जाई.

अमेरिकेत हे तंत्र वाढले ते मांसाच्या व्यापारामुळे. शिकागोला कत्तल करायची आणि मांस पूर्वेकडच्या शहरांना पाठवायचे, असा तो विचार होता. जिवंत जनावर नेण्यात निम्म्याहून अधिक वजन हाडे, कातडे आणि आतडी यांचे असे आणि त्याचेही भाडे पडे. डेट्रॉईटच्या जे. बी. सदरलंड यांनी १८६७ साली बर्फाच्या डब्याचे पेटंट घेतले. सुरुवातीच्या डब्यांत मांस छताला टांगलेले असे. वळणावर ते एका बाजूला झोके घेई आणि गाडीचा तोल जाई. बर्फाला चिकटलेल्या मांसाचा रंगही उतरे. गुस्टावस स्विफ्ट या व्यापाऱ्यासाठी अँड्र्यू चेस या अभियंत्याने १८७८ च्या सुमारास यावर तोड काढली. त्याने बर्फ वरच्या बाजूला ठेवला आणि मांस खाली घट्ट रचले. गार हवा जड असते, ती आपोआप खाली उतरते आणि गरम हवा वर बर्फाकडे जाते. पंख्याशिवाय हवा फिरू लागली.

तरीही डबे बनवायला रेल्वे कंपन्या तयार नव्हत्या. जनावरांचे डबे, वाटेतले गोठे आणि चाऱ्याच्या सोयी यांत त्यांचा पैसा गुंतलेला होता. स्विफ्टने मग स्वतःच्या खर्चाने डबे बांधले आणि जनावरांची वाहतूक जिच्याकडे फारशी नव्हती अशा ग्रँड ट्रंक रेल्वेवरून ते चालवले. हा तपशील महत्त्वाचा आहे. शीतवाहतुकीची सुरुवात करणारा पक्ष बहुधा रेल्वे नसतो. ज्याचा माल नासणार आहे तो असतो. नंतर रेल्वे कंपन्यांनीही या धंद्यात उडी घेतली. १९०६ साली युनियन पॅसिफिक आणि सदर्न पॅसिफिक या दोन रेल्वे कंपन्यांनी मिळून पॅसिफिक फ्रूट एक्सप्रेस स्थापन केली आणि कॅलिफोर्नियाची संत्री, सॅलडची पाने, द्राक्षे खंडाच्या दुसऱ्या टोकाला पोहोचवली.

त्या प्रवासातले खरे काम लोहमार्गाच्या कडेला चाले. डब्याच्या दोन्ही टोकांना बर्फाचे हौद असत आणि छतावर त्यांची झाकणे. साधारण एका दिवसाच्या अंतरावर बर्फाचे ठाणे असे. तिथे गाडीच्या छताच्या उंचीचा लांबच लांब फलाट बांधलेला असे. गाडी लागली की माणसे त्या फलाटावरून मोठाल्या लाद्या ढकलत आणत, आकड्याने फोडत आणि हौदात लोटत. गाडी पुन्हा निघे. अशी शेकडो ठाणी, त्यांचे बर्फाचे कारखाने आणि साठ्याची गोदामे मिळून ती व्यवस्था उभी होती. मीठ घातलेल्या बर्फाचे खारे पाणी मात्र रुळांवर, पुलांच्या लोखंडावर गळून त्यांना गंज चढवी. म्हणून पुढे मांसाच्या डब्यांना ते पाणी साठवण्याच्या टाक्या बसवाव्या लागल्या. माशांच्या पेट्यांतून गळणाऱ्या खाऱ्या पाण्याची हीच डोकेदुखी भारतीय रेल्वेलाही आहे.

गोठवलेल्या संत्र्याच्या रसाचा व्यापार दुसऱ्या महायुद्धानंतर वाढला आणि बर्फाची मर्यादा उघड झाली. त्या रसाला उणे १८ अंश लागत. बर्फमिठाला तेवढे तापमान सलग अनेक दिवस धरून ठेवणे जमत नव्हते. फ्रेडरिक मॅकिन्ली जोन्स या कृष्णवर्णीय अमेरिकी संशोधकाने १९४० च्या सुमारास ट्रकवर बसणारे, रस्त्याचे धक्के सोसणारे शीतयंत्र तयार केले होते. तशाच डिझेलवर चालणाऱ्या यंत्रांचे डबे १९५० च्या दशकात रुळांवर आले. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला बर्फाची ठाणी बंद झाली. पण तोवर रुंद महामार्ग झाले होते आणि फळभाजीचा मोठा हिस्सा ट्रकने पळवला होता. बागेच्या दारातून दुकानाच्या दारापर्यंत एकाच चढउतारात माल पोहोचवण्याची ट्रकची सोय रेल्वेला कधीच देता आली नाही.

भारतात मोठ्या प्रमाणावर बर्फ आधी समुद्रमार्गे आला. फ्रेडरिक ट्यूडर या बोस्टनच्या व्यापाऱ्याने १८३३ साली ‘टस्कनी’ जहाजातून गोठलेल्या तळ्यांचा बर्फ कलकत्त्याला पाठवला. चार महिन्यांच्या प्रवासात निघतानाच्या १८० टनांपैकी सुमारे १०० टन शिल्लक राहिला होता. पाठोपाठ मुंबईतही असा बर्फ उतरू लागला आणि त्यासाठी बर्फगृह बांधले गेले. पुढे इथेच बर्फाचे कारखाने निघाले आणि आयात थांबली. रेल्वेत मात्र बर्फाचा पहिला ठळक उपयोग झाला तो माणसांसाठी. मुंबई ते पेशावर धावणाऱ्या फ्रंटियर मेलला १९३४ साली वातानुकूलित डबा जोडला गेला. त्यात बर्फाच्या लाद्यांवरून हवा फिरवून डब्यात सोडली जाई आणि वाटेतल्या स्थानकांवर वितळलेल्या लाद्यांच्या जागी नव्या भरल्या जात. कॅलिफोर्नियाच्या संत्र्यांना जी सोय होती तीच ही, फक्त इथे तिचे गिऱ्हाईक पहिल्या वर्गाचे प्रवासी होते.

खाद्यमालाच्या बाबतीत मुंबईला रेल्वेच्या थंडाव्याचा खरा लाभ दुधाने दिला. मुंबई दूध योजना १९४५ मध्ये सुरू झाली, तेव्हा गुजरातेतल्या आणंद येथे दूध पाश्चरीकरण करून, गार करून ४२७ किलोमीटरवरच्या मुंबईला रेल्वेने आणले जाऊ लागले. सुरुवातीला हे काम पोल्सन कंपनीकडे होते. शेतकऱ्याला मिळणाऱ्या भावावरून असंतोष वाढला, डिसेंबर १९४६ मध्ये खेडा जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघ नोंदवला गेला आणि १९४८ पासून त्या संघाचे दूधही मुंबईला येऊ लागले. अमूलचा जन्म या रेल्वेमार्गाच्या एका टोकाला झाला, आणि त्याची पहिली मोठी बाजारपेठ दुसऱ्या टोकाची मुंबई होती, हे महाराष्ट्रात फारसे आठवले जात नाही. पुढे दूधमहापूर योजनेत रेल्वेचे दूध टँकर आले. या टँकरला शीतयंत्र नसते. दूध आधीच ४ अंशांपर्यंत उतरवलेले असते आणि टाकीच्या दोन पत्र्यांमधले रोधक आवरण थर्मासप्रमाणे ते तापमान टिकवते. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीच्या पहिल्याच दिवसांत आंध्र प्रदेशातील रेणिगुंट्याहून दिल्लीच्या हजरत निजामुद्दीनकडे ‘दूध दुरंतो’ निघाली. तिच्या एकेका टँकरमध्ये ४० हजार लिटर दूध असते.

दुधाच्या या यशात एक नियम दडलेला आहे. थंडावा गाडीत निर्माण करायचा नसतो, गाडीत फक्त टिकवायचा असतो. शीत डब्याचे यंत्र आधीच गार केलेल्या मालाचे तापमान राखण्याच्या बेताने बनवलेले असते. आंब्याचा हिशेब करून पाहिला तर हे स्पष्ट होते. कपूरथळ्याच्या रेल्वे डबा कारखान्याने बनवलेल्या शीत पार्सल डब्यात १७ टन माल मावतो. एप्रिलच्या दुपारी बागेतून आलेला १७ टन हापूस ३३ अंशांवरून १३ अंशांवर आणायचा, तर सुमारे तीन लाख किलोकॅलरी उष्णता काढून टाकावी लागेल. ती बर्फाने काढायची म्हटली तर पावणेचार टनांच्या आसपास बर्फ वितळावा लागेल. त्यात फळांच्या श्वसनाची उष्णता, भिंतींतून झिरपणारी उष्णता आणि दार उघडल्यावर आत येणारी उष्णता धरलेली नाही. म्हणून लोहमार्गाशेजारी पूर्वशीतकरणाची सोय असल्याखेरीज शीत डबा म्हणजे नुसता महागडा बंद डबा ठरतो.

हापूसला किती थंडी सोसते, हा प्रश्न महाराष्ट्रात फार लवकर विचारला गेला आणि त्याचे उत्तर पुण्याने दिले. मुंबई इलाख्याच्या कृषी खात्याचे उद्यानतज्ज्ञ जी. एस. चिमा आणि पी. जी. दाणी यांनी १९३२ आणि १९३३ च्या हंगामांत आंब्याच्या पेट्या बोटीने युरोपला पाठवून पाहिल्या आणि १९३४ साली त्याचा अहवाल प्रसिद्ध केला. ‘चिमा साहेबी’ या द्राक्षाच्या वाणाला ज्यांचे नाव आहे तेच हे चिमा. त्यानंतर गणेशखिंडीत चिमा, डी. व्ही. करमरकर आणि बी. एम. जोशी यांनी आंब्याच्या शीतसाठवणीवर अनेक वर्षे काम केले. हापूसच्या श्वसनाचे मोजमाप करमरकर आणि जोशी यांनी १९४१ मध्ये प्रसिद्ध केले. उष्ण प्रदेशातल्या फळांच्या साठवणीवर जगात त्या काळी झालेल्या मूलभूत कामांत या संशोधनाची गणना करावी लागते, आणि पुण्यात त्याची आठवण फारशी उरलेली नाही ही खेदाची गोष्ट आहे.

या प्रकारच्या संशोधनातून प्रस्थापित झालेली गोष्ट अशी की हापूसला सफरचंदासारखी शून्याजवळची थंडी चालत नाही. तापमान १२-१३ अंशांच्या बरेच खाली काही दिवस राहिले तर सालीवर करडे डाग पडतात, आतला रंग भरत नाही आणि बाहेर काढल्यावर फळ धड पिकत नाही. थंडीने त्याच्या पेशींना इजा झालेली असते. केळ्याचेही असेच. इंग्लंडच्या रेल्वेवर केळ्यांच्या डब्यांना हिवाळ्यात इंजिनाच्या वाफेची ऊब द्यावी लागे, ती याच कारणाने. म्हणजे हापूससाठी ‘थंड डबा’ पुरेसा नाही. १३ अंशांच्या आसपास नेमके तापमान, भरपूर आर्द्रता आणि फळातून निघणारा इथिलीन वायू बाहेर काढणारी हवेची फेर, एवढे सगळे लागते.

रेल्वे येण्याआधी रत्नागिरीचा आंबा समुद्रावरून जाई. पडाव, मचवे, गलबते, आणि पुढे मुंबई ते गोवा किनाऱ्यावरच्या आगबोटी हे त्याचे वाहन. किनाऱ्यापासून आत उभ्या राहिलेल्या आगबोटीपर्यंत होड्यांतून पेट्या न्यायच्या आणि वर चढवायच्या. पावसाळ्यात ही वाहतूक बंद असे, पण आंब्याचा हंगाम त्याआधी संपत असल्याने व्यापार त्यात बसून गेला. दुसरी वाट घाटावरची. मिरज ते कोल्हापूर हा लोहमार्ग १८९१ मध्ये सुरू झाला आणि आंबा घाट चढून गेले की कोल्हापूर हे जवळचे रेल्वेस्थानक झाले. पण घाटाची चढण आणि मिरजेकडून पुण्यामुंबईचा वळसा पाहता मुंबईच्या आंब्याला समुद्रच सोयीचा होता. रस्ते सुधारले, महामार्ग झाला, आणि बोटीचा माल ट्रकने घेतला.

या सर्व काळात थंडाव्याशिवाय आंबा मुंबईला सुखरूप पोहोचत होता, हे लक्षात घेण्यासारखे आहे. त्यामागे कोकणातल्या बागायतदारांचे पिढीजात ज्ञान आहे. फळ पिकलेले काढत नाहीत. चौदा आणे तयार झालेले, हिरवे, टणक फळ देठासह काढतात. कोकण कृषी विद्यापीठाने विकसित केलेला ‘नूतन झेला’ याच कामाचा: त्याच्या तोंडाशी देठ कापणारे पाते असते आणि फळ खाली न पडता जाळीत अलगद येते. देठ राहिला की चीक सालीवर ओघळत नाही आणि साल भाजत नाही. काढणी सकाळी किंवा ऊन उतरल्यावर करतात. फळ सावलीत ठेवतात, डागी आणि लहान निवडून बाजूला काढतात आणि पेटीत गवताच्या थरांवर डझनाच्या हिशेबाने मांडतात. अशा पेटीतला आंबा पिकायला आठ-दहा दिवस घेतो. रत्नागिरी ते मुंबई हे अंतर सुमारे साडेतीनशे किलोमीटर. संध्याकाळी भरलेला ट्रक पहाटे बाजारात असतो, पूर्वी क्रॉफर्ड मार्केटला आणि आता वाशीच्या बाजार समितीत. आठ दिवसांतला एक दिवसही प्रवासात जात नाही. पिकण्याची क्रिया वाटेत चालू राहते आणि ती गिऱ्हाइकाला हवीच असते. मुंबईच्या हापूसला शीत डब्याची गरज कधी पडलीच नाही, ती याच कारणाने.

कोकण रेल्वे महामंडळ १९९० च्या जुलैमध्ये स्थापन झाले. ई. श्रीधरन यांच्या नेतृत्वाखाली आठ वर्षांत सह्याद्रीच्या पायथ्याने हा मार्ग बांधला गेला. त्यातली दोन अवघड कामे रत्नागिरीच्या परिसरात आहेत: साडेसहा किलोमीटरचा करबुडे बोगदा आणि ६४ मीटर उंचीचा पानवल नदीवरचा पूल. मार्ग बहुतांशी एकेरी आहे. या एकेरी मार्गावर एप्रिल-मेमध्ये उन्हाळी सुट्टीच्या जादा गाड्या येतात, आणि आंब्याचा हंगामही नेमका तेव्हाच. प्रवासी गाडीच्या गार्डच्या डब्याशेजारी पार्सलचा जो कप्पा असतो त्यात सुमारे चार टन माल बसतो, आणि गाडी स्थानकात काही मिनिटेच थांबते. तेवढ्या वेळात पेट्या उचलून आत रचायच्या, त्याही न आपटता. हमालांनी कितीही घाई केली तरी यातून हजारो पेट्यांची वाहतूक होणे शक्य नाही. म्हणून हंगामातल्या रोजच्या मोठ्या मालासाठी ट्रकच राहिला. टाळेबंदीच्या २०२० च्या हंगामात रस्ते अडले, तेव्हा कोकण रेल्वेवरून धावलेल्या पार्सल विशेष गाड्यांतून हापूसच्या पेट्या गुजरातेकडे गेल्या, पण ते साधे पार्सल डबे होते.

रेल्वेने ट्रकशी स्पर्धा करण्याऐवजी त्यालाच गाडीवर चढवावे, ही कल्पना कोकण रेल्वेने २६ जानेवारी १९९९ रोजी सुरू केलेल्या रो-रो सेवेत आहे. कोलाडला भरलेला ट्रक सपाट वाघिणीवर चढतो, चालक-क्लीनर त्यातच बसतात आणि ट्रक गोव्यातल्या वेर्ण्याला उतरतो. मालाला हात लागत नाही. डिझेल वाचते आणि महामार्गावरचा ताण कमी होतो. नाशवंत मालाच्या दृष्टीने ही कल्पना फार मोलाची आहे, कारण आंब्याचे सर्वाधिक नुकसान गाडीत होत नाही, चढवण्या-उतरवण्यात होते. मात्र रत्नागिरी ते मुंबई या टप्प्यासाठी तिचा फायदा थोडा. ती मोठ्या अंतरांची सेवा आहे.

महाराष्ट्रात रेल्वेने फळे दूर नेण्याची परंपरा खानदेशात आणि विदर्भात आहे. जळगाव जिल्ह्यातली रावेर, सावदा ही स्थानके केळ्यांच्या वाघिणींसाठी प्रसिद्ध आहेत. केळी वर्षभर निघतात आणि दिल्ली हजार किलोमीटरहून दूर आहे. या दोन गोष्टींनी तिथे रेल्वे परवडली. केंद्राच्या २०२० च्या अर्थसंकल्पात किसान रेलची घोषणा झाली आणि तीत शीत डब्यांचा उल्लेख होता. पहिली किसान रेल ७ ऑगस्ट २०२० रोजी नाशिकजवळच्या देवळालीहून बिहारमधल्या दानापूरला निघाली. अंतर १,५१९ किलोमीटर, वेळ सुमारे ३२ तास. १४ ऑक्टोबरला नागपूर आणि वरुडच्या संत्र्यांसाठी दिल्लीच्या आदर्शनगरपर्यंत गाडी सुरू झाली. २८ डिसेंबरला शंभरावी किसान रेल सांगोल्याहून पश्चिम बंगालमधल्या शालिमारकडे रवाना झाली, ती सोलापूरच्या डाळिंबाच्या पट्ट्यातून. भाड्यात ५० टक्के अनुदान होते. २,३०० हून अधिक फेऱ्या झाल्या. त्यांतले बहुतेक डबे साधे पार्सल डबेच होते. शीत डब्यांचा ताफा त्या वेळी अवघा नऊ डब्यांचा होता, जोडीला भारतीय कंटेनर महामंडळाचे ९८ हवेशीर रोधक कंटेनर. अनुदान थांबल्यावर फेऱ्याही ओसरल्या. किसान रेलने एक गोष्ट दाखवून दिली: भाडे कमी असेल आणि गाडी ठरल्या वेळी निघणार असेल तर शेतकरी रेल्वेकडे वळतो. शीत डब्यांची कसोटी मात्र त्या प्रयोगात लागलीच नाही.

रत्नागिरीतल्या आंब्याची अडचण यातून कळते. त्याचा मुख्य हंगाम जेमतेम दोन-अडीच महिन्यांचा. उरलेल्या काळात त्याच डब्यात काय भरायचे? आणि दिल्लीला आंबा नेऊन परत येणारा डबा रिकामा आला तर त्याचे भाडे कोणी सोसायचे? दुधाचा टँकर आणि केळ्यांची वाघीण वर्षभर कामाला लागतात. ज्या मालाला वर्षभराचा पुरवठा, मोठे अंतर आणि एकसारखे तापमान या तीनही गोष्टी लाभल्या, त्याच्याच वाट्याला जगभर रेल्वेचा थंडावा आला.

रत्नागिरीत असा माल आहे, आणि तो मासळी आहे. पूर्वी कोकणातली जास्तीची मासळी मिठात खारवून किंवा वाळूवर वाळवून टिकवली जाई. ब्रिटिश काळात खारवण्यासाठी कर माफ केलेले मीठ देणारे सरकारी वाडे किनाऱ्यावर होते. नंतर बर्फाचे कारखाने आले. मिरकरवाडा बंदरावर ट्रॉलर लागला की लाद्या यंत्रात घालून चुरा करतात. खोक्याच्या तळाशी बर्फाचा थर, वर मासळी, पुन्हा बर्फ, अशी भरणी होते. उन्हाळ्यात मासळीच्या वजनाइतकाच बर्फ लागतो. अशी ओली मासळी ट्रकने रात्रीत मुंबईला किंवा गोव्याला जाते. रेल्वेच्या पार्सलमध्ये ती न्यायची तर खोके गळता कामा नये, कारण खारे पाणी डब्याच्या तळाला आणि रुळांच्या सामानाला गंज आणते.

गोठवलेल्या मालाची गोष्ट निराळी. १९९० च्या दशकात गद्रे मरीन या रत्नागिरीच्या कंपनीने सुरिमीचे उत्पादन सुरू केले. राणी माशासारख्या स्वस्त मासळीचे मांस काटे काढून वेगळे करायचे, गार पाण्यात पुनःपुन्हा धुऊन त्यातले रक्त आणि चरबी काढायची, गोठल्यावर मांसाचा पोत बिघडू नये म्हणून थोडी साखर मिसळायची आणि त्याच्या सपाट लाद्या गोठवायच्या. या लाद्या उणे १८ अंशांच्याही खाली ठेवतात आणि रीफर कंटेनरमधून न्हावाशेवा बंदराकडे पाठवतात. तिथून त्या परदेशी जातात. पावसाळी मासेमारीबंदीचे दोन महिने सोडले तर हा व्यवसाय वर्षभर चालतो, आणि बंदीच्या काळातही शीतगृहातला साठा पाठवता येतो. तापमान सर्व मालाला एकच लागते. कंटेनर कारखान्यात भरून सील झाला की बंदरापर्यंत उघडायचा नसतो, म्हणजे चढउताराचा प्रश्नच मिटतो. आंब्याला जे जे अडते ते इथे अडत नाही.

रीफर कंटेनर म्हणजे स्वतःचे शीतयंत्र असलेली पेटी. तिला वीज मिळाली की ती कुठेही चालते: जहाजावर, गोदामाबाहेर, ट्रेलरवर, वाघिणीवर. रुळावर ही वीज द्यायचे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे प्रत्येक कंटेनरला अडकवलेले छोटे डिझेल जनित्र, आणि दुसरा म्हणजे गाडीच्या मध्ये जोडलेला जनित्राचा डबा, ज्यातून केबलने सगळ्या कंटेनरांना वीज जाते. रोहा ते ठोकूर हा कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग विद्युतीकरणानंतर जून २०२२ मध्ये राष्ट्राला अर्पण झाला, पण डोक्यावरच्या तारेतली २५ हजार व्होल्टची वीज इंजिन घेते. मालाच्या वाघिणींना ती मिळत नाही. म्हणून विजेच्या मार्गावरही रीफरला जनित्राची सोबत लागते. स्थानकावर कंटेनर ताटकळला तर तिथे तीन फेजच्या विजेचे प्लग हवेत, नाहीतर उन्हात उभ्या असलेल्या पेटीतला माल काही तासांत धोक्यात येतो.

निर्यातीच्या हापूसलाही हीच साखळी लागते. महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळाने रत्नागिरीत नाचणे येथे आणि देवगडजवळ जामसंडे येथे आंबा निर्यातीच्या सुविधा उभारल्या आहेत. अमेरिकेचा बाजार २००७ मध्ये भारतीय आंब्याला खुला झाला तो विकिरणाच्या अटीवर, आणि त्यासाठी आंबा आधी लासलगावच्या केंद्रात नेला जाई. ऑक्टोबर २०१८ मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले. त्यानंतर देशातल्या दूरच्या शहरांतही अस्सल कोकणी हापूस ओळखून मागणारा ग्राहक वाढत आहे. दिल्ली, कोलकाता, लखनौ यांसारख्या अंतरांवर ट्रकला दोन-तीन दिवस लागतात आणि मेच्या उन्हात आतले तापमान फळाचे पिकणे घाईवर आणते. १३ अंशांचा डबा खरोखर उपयोगी पडेल तो या अंतरावर. मग हंगामाबाहेर तोच डबा मासळीला किंवा इतर जिल्ह्यांच्या फळांना फिरवावा लागेल. डबा एका जिल्ह्याचा असू शकत नाही. तो देशभराच्या हंगामांमागे फिरणाऱ्या ताफ्याचा भाग असला तरच परवडतो. अमेरिकेत पॅसिफिक फ्रूट एक्सप्रेसने हेच केले होते.

तेव्हा रत्नागिरीच्या बाबतीत डब्यांची मागणी करण्याआधी दोन गोष्टी हव्यात. मालधक्क्याला लागून पूर्वशीतकरणाचे दालन आणि रीफर कंटेनर उभे राहतील अशी विजेचे प्लग असलेली जागा. या दोन्ही गोष्टी झाल्या तर गोठवलेली मासळी वर्षभर त्या सोयीचा खर्च भागवील आणि हापूसला हंगामात तिचा लाभ मिळेल. बागायतदार, मच्छीमार आणि निर्यातदार यांच्या संघटनांनी रेल्वेकडे एकत्र मागणी न्यायची असेल, तर ती या दोन सोयींची न्यावी.